स्लाइड नाहीत, असं लिहिणारी माझी नात

माझ्या नातीला घरात सगळे खुटखुट म्हणतात. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते फक्त सरकारी कागदांना माहीत. चालायला लागण्याच्या आधीपासून तिला काही ना काही उघडायचं असायचं. डब्याचं झाकण, कपाटाची कडी, माझ्या चष्म्याचा स्क्रू. दुसऱ्या खोलीतून खुटखुट ऐकू आली की तिची आई, म्हणजे माझी सून, हातातलं काम टाकून धावायची. शाळेत जाण्याआधीच या पोरीनं आमचं भिंतीवरचं घड्याळ उघडून पुन्हा जोडलं होतं आणि जोडल्यावर एक चाक उरलं होतं. घड्याळ मात्र चालत होतं! "आजोबा, हे नसलं तरी चालतं तर मग घातलं कशाला?" तिनं मला विचारलं. चाक माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

ती मुलगी आता एका विद्यापीठात संगणकांची खोली सांभाळते. मी एकदा ती बघायला गेलो होतो, तिच्या सांगण्यावरून स्वेटर घालून. आत गारठा, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांत एकावर एक मशीन रचलेली आणि आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. माझी सगळी हयात पिठाच्या गिरणीत गेली, तेव्हा आवाजाचं मला काय! उलट घरी आल्यासारखं वाटलं. फरक एवढाच, की गिरणीत गिऱ्हाईक पिशवी घेऊन समोर उभं असतं, त्यामुळे जातं अडलं तर ते तोंडावर बोलतं. हिची गिऱ्हाइकं कुठेतरी लांब बसलेली. त्यांचं काम अडलं तर ती आपल्याच घरात चडफडत बसतात.

"आणि मशीन अडलंय हे तुला कसं कळतं?" मी विचारलं.

"एक मशीन बाकीच्यांना सारखं विचारत असतं, आहेस का? ती म्हणतात, आहे. नाही म्हणाली किंवा गप्प बसली की आम्ही धावतो."

"मग सोपं आहे की."

"मेलं तर सोपं असतं हो आजोबा. खरा छळ अर्धवट आजारी मशीनचा. विचारलं की 'आहे' म्हणतं. लगेच म्हणतं. पण काम दिलं की घेऊन बसतं, करतच नाही."

हे मला एकदम पटलं, कारण माझा धाकटा मेहुणा अगदी असाच होता. गिरणीचा पट्टा तुटला की मी त्याला हाक मारायचो. "आहेस का रे?" "आहे, आहे, हा निघालोच!" अर्ध्या तासानं पुन्हा हाक, पुन्हा तेच, आवाजही तसाच टवटवीत. गिऱ्हाइकांची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि हा तिकडे एका पायात चप्पल घालून कुणाशी तरी गप्पा छाटत उभा. पण त्याच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं तर मी सांगणार काय? हाकेला ओ देतो, म्हणजे माणूस चांगलाच की! मी हे नातीला सांगितलं तेव्हा ती त्या गोंगाटात पोट धरून हसली. तो तिच्या बापाचा मामा, म्हणून तेव्हापासून अशा मशीनला त्यांच्या खोलीत मामा म्हणतात. "तिसऱ्या मांडणीत एक मामा झालाय," असं ती फोनवर बोलते आणि मला गुदगुल्या होतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

मोठमोठ्या संगणक-यंत्रणा कशा बांधाव्या, यावर डोकं चालवणाऱ्या लोकांची दरवर्षी एक परिषद भरते. देशोदेशीचे प्राध्यापक, कंपन्यांतली माणसं, विद्यार्थी येतात. परिषदेच्या आदल्या दिवशी शिकवण्या असतात. त्याला ते ट्यूटोरियल म्हणतात. ती कुणी घ्यायची हे आधी ठरलेलं नसतं. ज्याला काही शिकवायचंय त्यानं प्रस्ताव पाठवायचा आणि एक समिती त्यातले निवडते. खुटखुटनं ठरवलं, मामा कसा ओळखायचा हे आपण शिकवायचं.

तिच्याबरोबर लांब्या. हा तिचा संगणकांच्या खोलीतल्या कामाचा जोडीदार, दारातून येताना वाकणारा. स्वभावानं इतका सज्जन की राग येतो. त्याला मोडकं काही बघवत नाही. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा बसायच्या आधी त्यानं खुर्ची उलटी केली, खिशातून पाना काढून तिचा पाय आवळला आणि मग म्हणाला, "नमस्कार आजोबा." चहा होईस्तोवर मोरीतल्या नळाची गळती थांबवली. त्याला तसं केल्याचं पुढे आठवतही नाही. आपण टेबलावर सांडलेलं पाणी पुसतो ना, तसं.

प्रस्ताव आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला गेला. मी मटार सोलत होतो, सून भाजी चिरत होती आणि खुटखुट मोठ्यानं वाचत होती. कुणासाठी आहे? ज्यांची मशीन रुसतात त्या सगळ्यांसाठी. आधी काय यायला हवं? हट्ट. (हे लांब्यानं नंतर खोडायला लावलं.) वेळ किती? पूर्ण दिवस. शिकवणार कोण? आम्ही दोघं. आणि मग आलं, नमुन्यादाखल स्लाइड जोडाव्यात.

तिनं लिहिलं, "स्लाइड नाहीत."

"अगं, चार तरी जोड," सून म्हणाली. "सगळे जोडत असतील."

"आई, मी गेली काही वर्षं या शिकवण्यांना जातेय. पुढे एक जण पडद्यावर चित्रं सरकवतो, मागे सगळे आपापले निरोप वाचत बसतात. संध्याकाळी सगळे शहाणे. दुसऱ्या दिवशी मशीन अडलं की जैसे थे."

"मग तू काय करणार?"

"प्रत्येक टेबलाला खरी मशीन देणार. त्यातलं एक आम्हीच आजारी पाडणार. शोधा म्हणणार."

तेव्हा मला आमच्या गावच्या शाळेतले पोहण्याचे धडे आठवले आणि आठवलं की मी सांगणारच. आमच्या गुरुजींना वरून फर्मान आलं होतं की मुलांना पोहणं शिकवा. नदी शाळेच्या मागेच. पण गुरुजींना पाण्याची भीती. त्यांनी फळ्यावर आडवा माणूस काढला. हात असा, पाय असा, श्वास इथे. महिनाभर आम्ही बाकांवर पालथे पडून हातपाय मारले. परीक्षाही झाली. मला पैकीच्या पैकी मिळाले, पहिला आलो! आणि उन्हाळ्यात नदीत उतरलो तो दगडासारखा तळाशी. धोब्यानं केसांना धरून बाहेर काढलं. वर आल्यावर मी म्हणे त्याला पहिलं वाक्य बोललो, "पण मी पहिला आलोय."

सून हसता हसता चाकू ठेवून बसली. खुटखुट मात्र हसली नाही. तिनं ती गोष्ट चार ओळींत प्रस्तावात घातली, 'स्लाइड नाहीत'च्या खाली.

उत्तर आलं. नकार नव्हता, पण होकारही नव्हता. परीक्षकांपैकी एकानं लिहिलं होतं, स्लाइड नाहीत याचा अर्थ तयारी नाही. दुसऱ्याचं म्हणणं, लोकांना दिवसभर राबवू नये, अर्धा दिवस पुरे. तिसऱ्याला विषय आवडला होता, पण शिकवणाऱ्या दोघांपैकी कुणाकडेच डॉक्टरेट नाही, तेव्हा एखादं वजनदार नाव वर घ्यावं. आणि समितीच्या प्रमुख बाईंनी शेवटी गोड शब्दांत सारांश काढला होता. नाव वर घ्या, स्लाइड करा, आणि ते मशीन शोधण्याचं शेवटच्या अर्ध्या तासात, ज्यांना हवं त्यांच्यासाठी ठेवा. मग विचार करू.

विभागाच्या प्रमुखांना, म्हणजे मोठ्या सरांना, तिनं हे दाखवलं. माणूस वाईट नव्हे. त्यांनी खांदे उडवले. "माझं नाव टाक वर. प्रस्ताव पास होऊन जाईल. मी दहा मिनिटं बोलीन आणि बसेन. पुढचं तुम्ही करा."

"आणि स्लाइड?"

"माझ्याकडे जुन्या पडल्यात."

ती घरी आली ती तणतणतच. जोडे एकीकडे, पिशवी दुसरीकडे. "मी यांच्या मशीनचे हात दाबायचे, पाय दाबायचे, आणि बोलायची वेळ आली की यांचं नाव वर!"

"अगं, जरा वाकलीस तर काय बिघडेल?" सून म्हणाली. "एकदा आत शीर, मग कर तुझं."

"आई, एकदा फळ्यावर शिकवायला लागले ना, की मग दरवर्षी फळ्यावरच शिकवीन."

"मग सोडून दे."

"सोडणार पण नाही!"

 मी मिशीतल्या मिशीत इतका खूश होतो, की सुनेनं मला डोळ्यांनीच दटावलं. तिला वाटतं हा हेका माझ्याकडून आलाय. आला असेल तर बरंच झालं, गिरणी तर कुणी घेतली नाही.

खुटखुटनं बाईंना लिहून टाकलं. नाव आमचंच राहील, कारण शिकवणार आम्ही. स्लाइड नाहीत, कारण लागत नाहीत. तुम्हाला तयारी दिसत नसेल तर समितीनं एक तास द्यावा आणि स्वतः एक मामा शोधून बघावा. नंतर नाही म्हणालात तर तक्रार करणार नाही.

पाठवल्यावर ती लगेच त्या तासाच्या तयारीला बसली.  कारण आता तो एक तास चुकला तर सगळंच गेलं होतं. आणि ती ज्या खोलीत काम करते तिथं 'बघा, उगाच अडून बसली' हे ऐकत तिला पुढे कितीतरी वर्षं काढावी लागणार होती.

बाईंनी होकार दिला.

ठरलेला दिवस सुट्टीचा होता, म्हणून सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावरूनच करायचं ठरलं. मशीन तिकडे विद्यापीठात, समितीची माणसं आपापल्या घरी पडद्यावर, आणि मधे आमचं टेबल. खुटखुट पहाटेच उठली आणि विद्यापीठात या तासासाठी ठेवलेल्या पाच मशीनपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या मशीनला तिनं इथून बसल्या बसल्या आजारी पाडलं. नुसता आजार नाही, अगदी मुरलेला. विचारलं की 'आहे', काम दिलं की रेंगाळ. मग ती अंघोळीला गेली.

तेवढ्यात लांब्या आला. येताना दाराच्या बिजागरीला तेल घातलं. मग संगणकासमोर बसला आणि मला म्हणाला, "एकदा नजर टाकतो आजोबा, सगळं धड आहे ना. मशीन आजारी पाडायचं ते तास सुरू झाल्यावर." मी म्हणालो, टाक बाबा. मला काय माहीत, आजारी आधीच पाडून झालंय! त्यानं थोडं खुटूरखुटूर केलं, मान डोलावली आणि चहा मागितला.

तास सुरू झाला. पडद्यावर बाई, त्यांच्या मांडीवर मांजर. टाय लावलेले एक गृहस्थ, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घरात! तयारी नाही असं लिहिणारे हेच, ते त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. आणखी एक दोघं, आणि कोपऱ्यात, बघायला म्हणून आलेले मोठे सर.

"एक मशीन आजारी आहे," खुटखुट म्हणाली. "सगळी 'आहे' म्हणतायत. शोधा."

आणि काय सांगू, माणसं बदलली! मघाशी खुर्चीत रेलून बसलेली, ती पडद्यात नाक घालायला लागली. एकमेकांना विचारायला लागली. मांजर खाली उतरवलं गेलं. टायवाले गृहस्थ लवकरच म्हणाले, "तिसरं. नक्की तिसरं. आकडे बघा, त्याचा पंखा बाकीच्यांपेक्षा जोरात फिरतोय."

"मला पाचव्याचा वास येतोय," दुसरा कुणी.

"मला सुरुवातीपासून पहिल्यावर संशय आहे," मोठे सर.

दुसऱ्याचं नावही कुणी घेईना. खुटखुट आधी गालात हसत होती. मग तिनं हळूच दुसऱ्या मशीनकडे पाहिलं, आणि तिचं हसू गेलं. दुसरं ठणठणीत होतं. तिनं चौथं पाहिलं, पाचवं पाहिलं, पुन्हा दुसरं. मग तोंड न हलवता लांब्याला विचारलं, "दुसरं बरं कसं झालं?"

"ते होय? सकाळी रेंगाळत होतं. सरळ केलं."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सून दारात येऊन उभी राहिली. लांब्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. "एक ओळ टाकतो," तो कुजबुजला. "परत पडेल आजारी. कुणाला पत्ता लागणार नाही."

त्याचा हात पुढे गेला होता. तिनं तो धरला.

"हात काढ."

मग तिनं पडद्याकडे तोंड केलं. "थांबा. आत्ता एकही मशीन आजारी नाही. मी दुसऱ्याला पाडलं होतं. माझ्या जोडीदाराला मोडकं बघवत नाही, त्यानं ते सकाळी दुरुस्त केलं. मला आत्ता कळलं."

 टायवाल्यांनी टाय नीट केला. "म्हणजे तयारी नव्हती. मी हेच लिहिलं होतं."

"तयारी होती. चूक झाली," खुटखुट म्हणाली, आणि तिचा आवाज जराही खाली आला नाही. "पण मला सांगा, कुणीच का म्हणालं नाही की सगळी बरी आहेत? मीसुद्धा म्हणाले नाही. दुसरं बरं दिसलं तेव्हा मला वाटलं रोग चौथ्यात गेला. मघापासून मी चौथ्याकडे चोरासारखी बघतेय. कुणीतरी सांगितलं की एक आजारी आहे, बस, मग आपण एकाला आजारी ठरवतोच. हे मी कुठल्या स्लाइडवर दाखवू?"

 मग बाई हसायला लागल्या. आधी हळू, मग खो खो. "आम्ही गेल्या वर्षी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "एक चांगलं धडधाकट मशीन काढून टाकलं. तक्रार आली, कुणीतरी दोषी हवं होतं. त्याच्या जागी नवं आणलं. तक्रार अजून चालूच आहे."

"ते सगळं असो," टायवाले म्हणाले, "पण तिसऱ्याचा पंखा खरंच जोरात फिरतोय."

खुटखुटनं पाहिलं. "फिरतोय. बरोबर आहे तुमचं. हे मला माहीतच नव्हतं."

लांब्यानं घसा खाकरला. "त्याच्यासमोर जुन्या तारांचं खोकं आहे, हवा अडत असेल. काल मीच ठेवलं. जाताना उचलायचं राहिलं."

"बघा!" टायवाले इतके आनंदले की टाय सैल केला. त्यांनी मग उरलेला सगळा वेळ विचारलं, तुम्ही आजार मुरवता कसा, किती वेळ लागतो, दोन मशीन एकदम आजारी पाडता येतील का. तास उलटून गेला तरी माणूस हलेना. बाईंनीच सगळ्यांना उठवलं.

निकाल काही दिवसांनी आला. पूर्ण दिवस नाही, अर्धा. स्लाइडची अट काढली. वजनदार नावाची सूचना मात्र होतीच, आणखी गोड शब्दांत. खुटखुटनं अर्धा दिवस घेतला आणि नावाला नाही म्हणाली. मोठ्या सरांकडे जाऊन तोंडावर सांगितलं, "सर, तुमचं नाव घालत नाहीये."

 सर म्हणाले, "बरं. विद्यार्थी म्हणून नाव घातलंस तर चालेल का? मला तो पहिल्या मशीनचा संशय अजून जात नाही."

शिकवणीच्या दिवशी मी घरी होतो, पण नातीनं फोन एका खिडकीत टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला अर्धी खोली दिसत होती. खोली तळघरातली, शेजारी भांडी धुण्याची जागा, सारखा खणखणाट. पडदा होता, त्यावर काहीच नव्हतं. दोघं तिघं जण आत आले, पडदा रिकामा बघून निघून गेले. जाऊ देत. बाकीचे बसले, आणि थोड्याच वेळात टेबलाटेबलांवर बाजार भरला. "पाचवं!" "अरे पाचवं कसं?" "मामा सापडला!" हो, मामा. शब्द तिकडेही पोचला. माझा मेहुणा आज असता तर छाती फुगवून फिरला असता.

एका टेबलाला तिनं सगळी बरी मशीन दिली होती आणि सांगितलं काहीच नव्हतं. त्या टेबलावर मोठे सर होते. बराच वेळ ते कपाळावर हात लावून बसले, मग एकदम उठले आणि ओरडले, "एकही आजारी नाही! लांब्या, हे तुझं काम आहे!" लांब्या वाकून एका खुर्चीचा पाय आवळत होता. तो तसाच लाजला.

वेळ संपली तरी कुणी उठेना. खुर्च्या गोळा करणारा माणूस येऊन दारात उभा राहिला, मग आत आला, मग एका टेबलावर वाकून बघायला लागला, मग त्यानंही एका मशीनकडे बोट दाखवलं. ते चुकीचं होतं. पण त्या टेबलावरच्या सगळ्यांनी आधी त्याच मशीनकडे बोट दाखवलेलं होतं, त्यामुळे त्याला टाळ्या मिळाल्या.

यंदा पुन्हा प्रस्ताव पाठवण्याचं आवाहन आलं. गेल्या वर्षीच्या गोंधळामुळे असेल, नवीन समितीनं नियम घट्ट केलाय. स्लाइड जोडणं आता सक्तीचं, त्याशिवाय प्रस्ताव वाचलाही जाणार नाही. काल तीच माणसं तशीच टेबलाभोवती होती. मी मटार सोलत होतो, लांब्या फळीचा खिळा ठोकत होता, आणि सून भाजी चिरत होती.

खुटखुटनं एक स्लाइड केली. कोरी पांढरी. तिच्या मधोमध लिहिलं, "स्लाइड नाहीत."

सूनच म्हणाली, "अक्षर जरा मोठं कर. मागच्या रांगेला दिसलं पाहिजे."